टोमास पिनपिन कोण होते? फिलिपिन्सच्या पहिल्या मुद्रक-लेखकाची ओळख

सोळाव्या शतकात फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता आली. लोकांना धर्म शिकवायचा तर पाद्र्यांना त्यांची तागालोग भाषा यायला हवी होती. १५९३ मध्ये मनिलात ‘डॉक्ट्रिना ख्रिस्तियाना’ हे पुस्तक निघाले. त्यातील तागालोग मजकूर रोमन आणि ‘बायबायिन’ या स्थानिक लिपीतही होता.

टोमास पिनपिन बाताआन प्रांतातील अबुकायचे. डॉमिनिकन पाद्र्यांच्या छापखान्यात ते मुद्रक झाले. १६१० मध्ये त्यांनी फादर फ्रान्सिस्को ब्लांकास दे सान होसे यांचे तागालोग व्याकरण छापले. ते पाद्र्यांसाठी होते.

त्याच वर्षी पिनपिन यांनी उलट दिशेचे पुस्तक लिहिले. तागालोग लोकांना स्पॅनिश शिकवणारे! शब्द लक्षात राहावेत म्हणून त्यात दोन्ही भाषा मिसळून रचलेली गाणी घातली. दिएगो तालाघाय यांनी ते छापले. फिलिपिनो लेखकाचे हे पहिले छापील पुस्तक मानले जाते. राज्यकर्त्यांचे बोलणे समजून घेण्याचे साधन त्यामुळे प्रथमच सामान्यांच्या भाषेत मिळाले.

आज पिनपिन ‘फिलिपिनो मुद्रकांचे राजकुमार’ म्हणून ओळखले जातात. मनिलातील बिनोंदो भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे.