गळक्या सूटमध्ये समुद्रात उतरलेला १३ वर्षांचा पोरगा, जो पुढे भारताचा नागरिक झाला

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलुंड-घाटकोपरची मंडळी ठाण्याहून कोकणकन्या पकडतात, अंधेरी-बोरिवलीवाले दादर गाठतात नाहीतर सरळ गाडी काढतात, आणि सगळे मालवणात भेटतात. सिंधुदुर्ग किल्ला, सुरमई थाळी, सोलकढी. गेल्या काही वर्षांत या यादीत स्कूबा डायव्हिंग येऊन बसलंय. सर्टिफिकेट नाही, कित्येकांना धड पोहताही येत नाही, तरी तोंडात नळी धरून माणूस खाली जाऊन येतो आणि संध्याकाळपर्यंत इन्स्टावर रील पडलेली असते.

खाली जाण्याआधी इन्स्ट्रक्टर दोन-चार गोष्टी सांगतो. श्वास रोखायचा नाही. कान दुखला की खूण करायची. सर्दी असेल तर उतरायचं नाही. आपण माना डोलावतो, लक्ष मात्र कॅमेऱ्याकडे असतं. पाण्याखाली शरीराचं काय होतं हे ज्यांनी शोधलं, त्यात एका बाप-लेकाचं नाव फार वर आहे. दोघंही स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करायचे. त्यातला लेक म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. शाळेत उत्क्रांतीच्या धड्यात हे नाव कदाचित वाचलं असेल. पाण्याखालचे हाल्डेन फार कमी लोकांना माहीत आहेत.

जन्म ५ नोव्हेंबर १८९२, ऑक्सफर्ड. घरात हाक जॅक. वडील जॉन स्कॉट हाल्डेन श्वसनाचे शास्त्रज्ञ. खाणीतला विषारी वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी सोबत न्यायची कल्पना त्यांचीच. लेकालाही ते खाणीत न्यायचे. एकदा मिथेन साचलेल्या जागी त्यांनी जॅकला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं लांबलचक भाषण म्हणायला लावलं. थोड्या ओळी झाल्या, धाप लागली, पाय लटपटले आणि पोरगा जमिनीवर कोसळला. खाली पडल्यावर त्याला नीट श्वास घेता येऊ लागला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, वर साचतो, हा धडा असा शिकवला गेला. आजचे पालक शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय म्हणाले असते, याचा विचारच न केलेला बरा.

तेव्हा ब्रिटिश नौदलापुढे एक कोडं होतं. खोल पाण्यात काम करून वर आलेले पाणबुडे सांध्यांच्या वेदनेनं कळवळायचे, काहींना लकवा व्हायचा, काही मरायचे. कारण साधारण कळलेलं होतं. दर १० मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो आणि दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळत जातो. माणूस झटकन वर आला की सोड्याची बाटली फट्कन उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे येतात. पण वर यायचं तरी किती हळू? वडील हाल्डेननी यासाठी बकऱ्या वापरल्या. बकरीला दाबाच्या टाकीत ठेवायचं, दाब कमी करायचा आणि बघत बसायचं. त्रास झालेली बकरी पुढचा पाय उचलून धरायची. त्यातून नियम निघाला की दाब एकदम निम्मा झाला तर शरीर बहुधा सोसतं, त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत वर यावं. १९०८ साली ही कोष्टकं छापून आली आणि पाणबुड्यांचं मरण बरंच कमी झालं. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण पाया तोच.

आता मालवणचा हिशेब करा. १० मीटर खाली दाब दोन वातावरणं, वर एक. म्हणजे बरोबर निम्मा. विनासर्टिफिकेट पर्यटकाला उथळ पाण्यातच का ठेवतात, याचं एक मोठं कारण या बकऱ्यांनी दिलेलं आहे.

याच प्रयोगांसाठी १९०६ च्या ऑगस्टमध्ये हाल्डेन कुटुंब स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर नौदलाच्या जहाजाबरोबर होतं. जॅक १३ वर्षांचा. बापानं त्यालाही पाण्यात उतरवलं. सूट मोठ्या माणसाचा, मनगटाशी सैल. बर्फासारखं पाणी आत शिरू लागलं. डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण, वरच्या पंपातून नळीनं हवा. तो हवेचा व्हॉल्व्ह सांभाळत पाणी तोंडापर्यंत येऊ न देता खाली टिकून राहिला. वर काढला तेव्हा पार गारठलेला होता. प्रशिक्षण नाही, मापाचा सूट नाही, सर्टिफिकेट तर त्या काळी नव्हतंच. फक्त दोरीचं दुसरं टोक जाणत्या माणसांच्या हातात होतं.

गंमत म्हणजे या माणसाकडे पुढेही विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला गणित आणि मग ग्रीक-लॅटिन साहित्य, दोन्हींत पहिला वर्ग. तेवढ्या भांडवलावर ते केंब्रिजात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले आणि नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जनुकशास्त्राचे प्राध्यापक झाले. डार्विनची निवड आणि मेंडेलची आनुवंशिकता यांना गणितानं जोडणाऱ्या तिघांत त्यांचं नाव फिशर आणि राइट यांच्यासोबत घेतात. रक्त आम्लधर्मी झालं की श्वासाचं काय होतं हे बघायला त्यांनी स्वतः अमोनियम क्लोराइड पिऊन पाहिलं होतं.

मधे पहिलं महायुद्ध झालं. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना बरं व्हायला भारतात पाठवलं गेलं. देश आवडला, पण गोऱ्या अधिकाऱ्यानं इथल्या लोकांशी बरोबरीनं वागायची सोय नव्हती. ती सोय होईल तेव्हाच परत यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पाण्याकडे ते वळले १९३९ मध्ये, एका भीषण अपघातानंतर. १ जूनला लिव्हरपूलच्या उपसागरात थेटिस ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. आत नौसैनिकांबरोबर गोदीचे कामगारही होते. १०३ पैकी चौघे बाहेर पडू शकले, ९९ गेले. कामगार संघटनांनी हाल्डेनना विचारलं, आमची माणसं नक्की कशानं मेली? हाल्डेन डाव्या विचारांचे, स्पेनच्या यादवीत जाऊन आलेले. तिथं लढलेले चार जण सोबत घेऊन ते एका लोखंडी टाकीत स्वतःला कोंडून बसले. आतली हवा जसजशी शिळी होत गेली तसतशी डोकी ठणकू लागली, धाप लागली, विचार सुचेना. ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी साचलेला कार्बन डायऑक्साइड माणसाला निकामी करतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर बघितलं.

मग नौदलानंच त्यांना कामाला लावलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांना शुद्ध ऑक्सिजन देऊन खाली सोडायचं होतं, कारण त्यात वर बुडबुडे दिसत नाहीत. किती खोलवर, किती वेळ चालेल? उत्तरासाठी हाल्डेन, त्यांच्या सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या हेलन स्परवे, मार्टिन केस आणि इतर काही जण पुन्हा पुन्हा टाकीत बसले. स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रिनही त्यात होते! दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विष ठरतो हे निघालं. अपस्मारासारखे झटके येत. अशाच एका झटक्यात हाल्डेन यांच्या पाठीचे मणके दबले आणि पाठदुखी कायमची मागे लागली. कानांचे पडदे फाटले ते वेगळंच. सिगारेटचा धूर कानातून काढता येतो, असं ते मजेत सांगत.

म्हणून मालवणला पाठीवरच्या टाकीला आपण ऑक्सिजन सिलिंडर म्हणतो, ते चूक आहे. त्यात साधी, दाबून भरलेली हवाच असते. शुद्ध ऑक्सिजन असता तर ५-१० मीटरवरची सहलही धोक्याची ठरली असती.

आणि श्वास रोखू नका, हे का? १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येता येता फुगून दुप्पट होते. तोंड बंद ठेवून घाबरून वर झेपावलात तर फुप्फुस फाटू शकतं आणि हवा थेट रक्तात शिरते. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, कारण दाबाचा सगळ्यात मोठा बदल वरच्या १० मीटरमध्येच असतो. कानाचंही तेच. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, आणि दुखत असेल तर तिथंच थांबायचं. सर्दीत ती वाट बंद असते, म्हणून उतरायचं नाही. दमा, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, हे फॉर्मवर लपवायचं नाही, पैसे भरून झाले असले तरी. गोव्याहून विमानानं परतायचं असेल तर मध्ये किमान १२ तास जाऊ द्यावेत, दोन-तीन वेळा उतरला असाल तर १८. बोटीत लाइफ जॅकेट घालायचंच. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली, त्यात दोघांचा जीव गेला.

तर हाल्डेन. १९५७ मध्ये, सुएझवरच्या ब्रिटनच्या हल्ल्याचा निषेध करत, ते हेलनसह भारतात आले. महालनोबिस यांच्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले, कुर्ता घालू लागले, शाकाहारी झाले, नागरिकत्वही घेतलं. तिथं पटेना तेव्हा १९६२ मध्ये भुवनेश्वरला गेले आणि नवी प्रयोगशाळा उभी केली. दाबाच्या टाक्या मागे राहिल्या होत्या. विद्यार्थ्यांना ते सांगत की महागड्या यंत्रांची वाट बघू नका, आजूबाजूची झाडं आणि पक्षी मोजा. मुळात मोजणं त्यांना मनापासून आवडायचं.

१९६३ च्या अखेरीस लंडनला गेले असताना आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर हॉस्पिटलच्या खाटेवरच त्यांनी कर्करोगावर विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाजून दुखणं अंगावर काढू नये, वेळेत डॉक्टरकडे जावं, हा तिचा रोख. वाचून काही लोक चिडलेही. भारतात परतल्यावर रोग पुन्हा उलटला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला ते गेले. देह प्रयोगासाठीच वापरायचा, हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. त्याप्रमाणे तो आंध्रातल्या काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजात पाठवण्यात आला.