अ‍ॅडोनिराम जडसन : स्वदेशागमन आणि स्वभाषेचा त्याग

अव्वल इंग्रजी अमदानीतील मराठी गद्याचा इतिहास मुंबईच्या अमेरिकन मिशनला वगळून लिहिता येत नाही. अमेरिकेहून या कार्यासाठी निघालेली पहिली तुकडी १८१२ च्या फेब्रुवारीत दोन जहाजांनी रवाना झाली. एका जहाजावर गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट होते. सेलम बंदरातून १९ फेब्रुवारीस सुटलेल्या कॅरॅव्हॅन या दुसऱ्या जहाजावर सॅम्युअल न्यूवेल आणि अ‍ॅडोनिराम जडसन ही दोन नवविवाहित जोडपी होती. हॉल व नॉट १८१३ मध्ये मुंबईस पोचले, न्यूवेलही पुढे त्यांना येऊन मिळाले आणि मराठी मिशनचा पाया घातला गेला. जडसन मात्र कलकत्त्यात बॅप्टिस्ट पंथात गेले. कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्यास सांगितले व १८१३ च्या जुलैत ते रंगूनला येऊन राहिले. मुंबईत मराठीच्या संदर्भात जे काम सुरू झाले, तेच काम ब्रह्मी भाषेत त्यांनी जवळजवळ एकट्याने आरंभिले. या पिढीच्या भाषाकार्याची मोजदाद ग्रंथांच्या नामावळीने होते. त्या कार्याचे मोल मात्र ग्रंथांत नोंदलेले नसते. जडसन यांच्या आयुष्यातील एकमेव स्वदेशयात्रा, म्हणजे १८४५-४६ ची रजा, या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

ठराविक वर्षांच्या सेवेनंतर सहकुटुंब रजेवर जाण्याची पद्धत मिशनऱ्यांत पुढे रूढ झाली. पहिल्या पिढीला ती ठाऊक नव्हती. नेमणूक आजन्म समजली जाई, शिडाच्या जहाजाचा प्रवास कित्येक महिन्यांचा असे आणि परतण्यास जिवावरच्या दुखण्याखेरीज दुसरे कारण पुरेसे मानले जात नसे. जडसन यांच्या प्रथम पत्नी अ‍ॅन १८२१ मध्ये प्रकृतीसाठी रंगूनहून एकट्याच निघाल्या, इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेल्या आणि १८२३ च्या अखेरीस परत आल्या. मुंबईतही १८२५ मध्ये हॉल यांच्या पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेस गेल्या; हॉल स्वतः मागे राहिले आणि पुढील वर्षी नाशिकजवळ पटकीने त्यांचा अंत झाला. कुटुंबाची अशी फाटाफूट हा या जीवनक्रमाचा अपवाद नसून जणू नियमच होता.

१८२४ मध्ये इंग्रज व ब्रह्मी राज्य यांत युद्ध पेटले तेव्हा जडसन राजधानी आवा येथे होते. हेर समजून त्यांना बेड्या घालण्यात आल्या व सुमारे दीड वर्ष त्यांनी तुरुंगात काढले. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित अ‍ॅन यांनी उशीत शिवून तुरुंगात पोचविले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. ते हस्तलिखित वाचले. अ‍ॅन १८२६ च्या ऑक्टोबरात निवर्तल्या आणि सहा महिन्यांनी त्यांची तान्ही मुलगीही गेली. जडसन यांनी संपूर्ण बायबलचे ब्रह्मी भाषांतर ३१ जानेवारी १८३४ रोजी पुरे केले आणि त्याची सुधारित आवृत्ती १८४० मध्ये हातावेगळी केली. दरम्यान १८३४ मध्ये त्यांनी सहकारी मिशनरी जॉर्ज बोर्डमन यांच्या विधवा पत्नी सेरा यांच्याशी विवाह केला. सेरा स्वतः ब्रह्मी भाषेच्या उत्तम जाणकार होत्या. पहिल्या विवाहापासूनचा त्यांचा सहा वर्षांचा मुलगा त्याच साली शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना झाला होता.

सेरा यांची प्रकृती १८४५ च्या आरंभी इतकी ढासळली, की समुद्रप्रवासावाचून गत्यंतर उरले नाही. २६ एप्रिल रोजी हे कुटुंब मौलमीनहून निघाले, परंतु अर्धेच. अ‍ॅबी, अ‍ॅडोनिराम व एल्नाथन ही तीन मोठी मुले बरोबर घेतली. हेन्री, चार्ल्स व एडवर्ड ही तीन लहान मुले सहकाऱ्यांच्या घरी ठेवली. धाकटा एडवर्ड तेव्हा पुरता वर्षाचाही नव्हता. जडसन यांनी आपले दोन ब्रह्मी सहायकही सोबत घेतले होते, कारण हाती घेतलेल्या कोशाचे काम त्यांना जहाजावरही थांबवायचे नव्हते. मॉरिशसला पोचेपर्यंत सेरा यांना बराच आराम पडला. त्यांनी पुढे एकटीने जावे व पतीने कामावर परतावे, असे उभयतांनी ठरविले. सहायकांना पुढे धाडण्यात आले आणि नेमके तेव्हाच दुखणे उलटले. १ सप्टेंबर १८४५ रोजी सेंट हेलेना बेटाच्या बंदरात जहाजावरच सेरा यांनी देह ठेवला. त्याच दिवशी किनाऱ्यावर दफनविधी झाला आणि संध्याकाळी जहाजाने शिडे उभारली. मौलमीनला ठेवलेला चार्ल्स आईच्या आधीच, ऑगस्टमध्ये, वारला होता. ही बातमी जडसन यांना पुष्कळ उशिरा कळली. अमेरिकेतील थोरल्या मुलाशी सेरा यांची भेट झालीच नाही.

१५ ऑक्टोबरला जडसन बोस्टन बंदरात उतरले. ३३ वर्षांपूर्वी ज्या देशात आगगाडी नव्हती, तेथे आता लोहमार्ग पसरले होते. कॅरॅव्हॅनवर चढताना अनोळखी असलेला तरुण आता घरोघरी ठाऊक झालेला पुरुष होता. सभांना अलोट गर्दी लोटे, पण वक्त्याचा आवाज जवळजवळ गेलेला होता. घशाच्या विकारामुळे ते कुजबुजल्यासारखे बोलत आणि शेजारी उभा राहिलेला दुसरा कोणी त्यांचे शब्द मोठ्याने श्रोत्यांना ऐकवी.

आवाजापेक्षाही भाषेची अडचण मोठी होती. परक्या भाषेत मान्यता पावेल असा उपदेशक होण्यासाठी त्यांनी स्वभाषेचा बुद्धिपुरस्सर त्याग केला होता. इंग्रजीत तीन वाक्येही सलग जुळविणे आपल्याला जमणार नाही, तेव्हा सभांतून भाषणांची अपेक्षा ठेवू नये, असे त्यांनी परतण्यापूर्वीच मंडळाला कळविले होते. हा विनय नव्हता. ब्राउन विद्यापीठातून १८०७ मध्ये पहिल्या क्रमांकाने बाहेर पडलेल्या मनुष्याची ही वस्तुस्थिती होती. भाषांतरकार दोन भाषांचा धनी असतो, असे सामान्यतः समजले जाते. जडसन यांच्या उदाहरणात एका भाषेने दुसरीची जागा घेतलेली दिसते.

श्रोत्यांना त्यांच्याकडून तुरुंगाच्या, बेड्यांच्या, राजदरबाराच्या कथा हव्या होत्या. त्यांनी त्या सांगितल्या नाहीत. थोडक्या शब्दांत उपदेश करून ते खाली बसत आणि पुष्कळांची निराशा होई. मात्र नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या सभेत आराकानमधील मिशन बंद करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा हाच मनुष्य न फुटणाऱ्या आवाजात त्याविरुद्ध बोलला. स्वतःविषयी मौन आणि कामाविषयी आग्रह, हे या रजेचे सूत्र म्हणता येईल.

सेरा यांचे चरित्र लिहिले जावे, ही त्यांची इच्छा होती. त्या निमित्ताने फॅनी फॉरेस्टर या टोपणनावाने लिहिणाऱ्या एमिली चबक या लोकप्रिय लेखिकेशी त्यांचा परिचय झाला आणि २ जून १८४६ रोजी विवाह झाला. ते ५७ वर्षांचे होते, त्या २८ वर्षांच्या. या विवाहावर टीकाही झाली. सेरा यांचे चरित्र एमिली यांनी लिहिले व ते १८४८ मध्ये प्रसिद्ध झाले. ११ जुलैला हे दांपत्य बोस्टनहून निघाले. आता विरहाची बाजू उलटली होती. अ‍ॅबीला ब्रॅडफर्ड येथे व दोघा मुलांना वुस्टर येथे ठेवण्यात आले. एका खंडात सोडलेल्यांपैकी हयात असलेल्या दोघांकडे परतण्यासाठी दुसऱ्या खंडात तिघांना सोडावे लागले. त्या तिघांना वडील पुन्हा दिसले नाहीत.

नोव्हेंबरअखेर मौलमीनला पोचल्यावर जडसन कोशाकडे वळले. इंग्रजी-ब्रह्मी भाग १८४९ च्या जानेवारीत पुरा झाला. ब्रह्मी-इंग्रजी भाग त्यांच्या हातून पुरा व्हायचा नव्हता. प्रकृतीसाठी पुन्हा समुद्रावर नेले असता १२ एप्रिल १८५० रोजी जहाजावर त्यांचे निधन झाले व त्यांना जलसमाधी देण्यात आली. एमिली यांना ही वार्ता ऑगस्टच्या अखेरीस मिळाली.

मौलमीनला ठेवलेला एडवर्ड मोठेपणी न्यूयॉर्कमध्ये धर्मोपदेशक झाला आणि १८८३ मध्ये त्याने वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. ज्या पित्याचा सहवास त्याला बालपणीची मोजकी वर्षेच लाभला, त्या पित्याची ओळख त्याला बव्हंशी कागदपत्रांतून करून घ्यावी लागली. जडसन यांचे ब्रह्मी बायबल आजही वाचले जाते. मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी मतभेद राहतील. परंतु त्यांनी घडविलेल्या गद्याचे, मग ते ब्रह्मी असो वा मराठी, मूल्यमापन करताना त्यामागे विखुरलेली घरे आणि विसरलेली मायबोली यांचाही हिशेब मांडणे इतिहासलेखनाला प्राप्त आहे.