तुकोबांची खते

देहूच्या तुकोबांच्या घरी व्यापार व सावकारी परंपरेने चालत आलेली होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात दिवाळे निघाले. पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा संतूही गेला. अशा वेळी येणे वसूल करणे हाच धनकोचा अखेरचा आधार. तुकोबांनी मात्र बंधू कान्होबांचा निम्मा वाटा त्यांना देऊन आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. अर्थशास्त्राच्या हिशेबात हे बसत नाही. परंतु कुळेही त्याच दुष्काळात होरपळली होती. विठ्ठलावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. दुसऱ्याच्या मानेवरील आपला पाश सोडविणे होय. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला श्रद्धेचा उपदेश करणाऱ्यांनी आधी आपली खते तपासावीत.