फोनमधला जायरोस्कोप आणि पृथ्वीला फिरताना ‘पकडणारा’ लिऑन फुको



मागे एकदा मी स्वस्तात मिळतोय म्हणून एक फोन घेतला. कॅमेरा बघितला, बॅटरी बघितली, रॅम बघितली. घरी येऊन ३६० डिग्री व्हिडिओ लावला आणि फोन हातात धरून गोल फिरलो, तर चित्र जागचं हलायलाच तयार नाही! मग स्पेसिफिकेशनचं पान नीट वाचलं. त्या फोनमध्ये जायरोस्कोपच नव्हता. तोवर मला वाटायचं, स्क्रीन आडवी-उभी होते म्हणजे सगळे सेन्सर असणारच.

‘जायरोस्कोप’ हे नाव कुणी ठेवलं हे शोधत गेलो आणि एका जबरदस्त माणसापर्यंत पोचलो. आज त्याचीच गोष्ट सांगतो. ती कळली की फोनमधला सेन्सरही आपोआप कळेल.

डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा

लिऑन फुको १८ सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये जन्मला. वडील प्रकाशक होते, पण ते लवकर गेले आणि आईनेच त्याला वाढवलं. तब्येत नाजूक, त्यामुळे बरंचसं शिक्षण घरीच झालं. अभ्यासात चमक अशी काही नव्हती, पण हात मात्र भलतेच कुशल होते. छोटी यंत्रं, खेळणी स्वतः बनवायचा.

पुढे तो डॉक्टरकी शिकायला गेला. अडचण एकच होती, रक्त दिसलं की त्याला सहन व्हायचं नाही. शेवटी ते शिक्षण सुटलं. मग त्याने सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकाचा मदतनीस म्हणून काम केलं, वर्तमानपत्रात विज्ञानावर लिहिलं आणि फिझो नावाच्या मित्राबरोबर १८४५ मध्ये सूर्याचा फोटोही काढला. त्या काळात फोटोग्राफी अगदी नवी होती, हे लक्षात घ्या.

म्हणजे तिशीच्या आसपास याच्याकडे विज्ञानातली मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, आणि गणितात तो कच्चा समजला जायचा. पॅरिसच्या गणितज्ञांच्या लेखी तो बाहेरचाच.

लेथवर थरथरणारी सळई

एकदा लेथवर काम करताना त्याने एक लांब, बारीक पोलादी सळई चकमध्ये पकडली होती. ती थरथरत होती. त्याने चक हाताने हळूहळू फिरवला. सळई चकबरोबर फिरली, पण तिचं थरथरणं मात्र ज्या दिशेत सुरू झालं होतं त्याच दिशेत चालू राहिलं.

हे तुम्हीही आत्ता करून बघा. दोऱ्याला चाव्यांचा जुडगा बांधा, भिंतीच्या दिशेने झोका द्या आणि दोऱ्याचं वरचं टोक बोटांत पिळत राहा. जुडगा स्वतःभोवती फिरेल, पण झोका भिंतीच्याच दिशेने जात राहील. कारण साधं आहे. एकदा सुरू झालेल्या गतीची दिशा बदलायची तर बाजूने बल लावावं लागतं. नुसत्या पिळण्याने तसं बल लागत नाही.

फुकोच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला. चक म्हणजे पृथ्वी धरली तर? छताला टांगलेल्या लंबकाचा झोका आपली दिशा सोडणार नाही आणि खालची जमीन मात्र हळूहळू फिरलेली दिसेल.

तळघरातून पँथिऑनपर्यंत

पृथ्वी फिरते हे १८५१ मध्ये शिकलेल्या सगळ्यांना मान्य होतं. पण आकाशाकडे न बघता, बंद खोलीत ते दाखवणारा सोपा प्रयोग नव्हता. पॉइसाँसारख्या नामवंत गणितज्ञाने तर लंबकावर होणारा परिणाम इतका किरकोळ मानला होता की तो दिसणारच नाही.

तो परिणाम क्षणाला किरकोळच असतो, पण तो साठत जातो. नेमकं हेच फुकोने ओळखलं.

जानेवारी १८५१ मध्ये, आईबरोबर राहत असलेल्या घराच्या तळघरात त्याने २ मीटर तारेला ५ किलोचा गोळा टांगला. पहिल्या प्रयत्नात तारच तुटली. काही दिवसांनी पुन्हा केलं. गोळ्याला हाताने धक्का दिला तर तो वाकडा जाणार, म्हणून गोळा दोऱ्याने एका बाजूला बांधून ठेवायचा आणि दोरा जाळायचा, अशी युक्ती त्याने वापरली. झोक्याची दिशा हळूहळू सरकताना दिसली.

पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या वेधशाळेत ११ मीटरचा लंबक लागला. मग पँथिऑनच्या घुमटाखाली ६७ मीटर तार आणि २८ किलोचा गोळा! एक फेरी व्हायला साधारण १६ सेकंद. खाली वाळूचा बांध होता आणि गोळ्याचं टोक प्रत्येक वेळी तिथे थोडी पुढे खूण करायचं. लोक गर्दी करून बघायचे.

एक गंमत पाहा. ध्रुवावर झोक्याची दिशा साधारण २४ तासांत पूर्ण फिरते, विषुववृत्तावर अजिबात फिरत नाही. पॅरिसमध्ये जवळजवळ ३२ तास लागतात. पुण्यात आयुका संस्थेत असा लंबक आहे. पुणे विषुववृत्ताच्या बरंच जवळ, म्हणून इथे साधारण ७५ तास लागतात. अक्षांशाच्या साइनवर चालणारा हा नियम गणितात कच्च्या समजल्या जाणाऱ्या फुकोनेच मांडला. गणितज्ञ त्याच्या सिद्धता नंतर देत बसले.

मग आला जायरोस्कोप

हा अक्षांशाचा हिशोब सामान्य माणसाला समजावणं अवघड जायचं. म्हणून १८५२ मध्ये फुकोने वेगळं यंत्र बनवलं. एक जड चाक, कुठेही वळू शकेल अशा कड्यांमध्ये बसवलेलं. चाक जोरात फिरवलं की त्याचा आस आपली दिशा धरून ठेवतो. घर्षणामुळे चाक काही मिनिटांतच मंदावायचं, पण तेवढ्यात सूक्ष्मदर्शकातून पृथ्वीचं फिरणं दिसायचं. यंत्राला त्याने दोन ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, जायरोस्कोप. अर्थ सरळ आहे, फिरणं बघायचं साधन.

फोनमध्ये चाक कुठंय?

नाही! फोनच्या चिपमध्ये चाक फिरत नसतं. तिथे सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सेकंदाला हजारो वेळा थरथरत असतो. तुम्ही फोन वळवला की थरथरणारा तुकडा आपली दिशा सहज सोडत नाही, त्यामुळे फोनच्या हिशोबाने तो किंचित बाजूला सरकतो. बाजूला ढकलल्यासारख्या या परिणामाला कोरिऑलिस बल म्हणतात. ते सरकणं विद्युत धारकतेतल्या बदलावरून मोजतात आणि फोनला कळतं, आपण किती वेगाने वळतोय.

म्हणजे नाव जरी चाकाचं असलं, तरी फोनमधला जायरो खरं तर लेथवरच्या त्या सळईचा आणि तळघरातल्या लंबकाचा वंशज आहे.

स्क्रीन आडवी-उभी करायला अ‍ॅक्सेलरोमीटर पुरतो, कारण खाली कुठली बाजू आहे ते त्याला गुरुत्वाकर्षणामुळे कळतं. पण टेबलावर सपाट ठेवलेला फोन गोल फिरवा. खालची बाजू बदललीच नाही, मग अ‍ॅक्सेलरोमीटरला काय कळणार? तिथे जायरोच लागतो. माझा ३६० डिग्री व्हिडिओ त्याच कारणाने अडला होता. गेममध्ये फोन वळवून नेम धरणं, व्हिडिओची थरथर कमी करणं, हीही याचीच कामं.

आणि हो, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. एवढं मंद फिरणं आपल्या फोनच्या जायरोच्या स्वतःच्या चुकांमध्येच हरवून जातं. फुकोच्या तारेला आणि गोळ्याला मात्र ते दिसलं होतं!

मान्यता उशिरा मिळाली

१८५३ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली, १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक आणि पॅरिस वेधशाळेत नोकरी. १८६२ मध्ये फिरत्या आरशाने त्याने प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९८,००० किलोमीटर असा मोजला. आजचा आकडा २,९९,७९२ आहे. आपल्याच देशाच्या विज्ञान अकादमीने मात्र त्याला १८६५ मध्ये आत घेतलं. तीन वर्षांनी, ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, आजारपणात तो गेला. वय फक्त ४८.

पुढचा फोन घेताना सेन्सरच्या यादीत ‘जायरोस्कोप’ आहे ना, तेवढं बघून घ्या. मी नव्हतं बघितलं.