डिझेल हे माणसाचे नाव आहे

आमच्या मळ्यात विहिरीवर डिझेल इंजिन आहे. लाईट नसली की माझे वडील त्याच्यावर गहू भिजवतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. परभणीकडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा पुसात सकाळी हँडल मारले की इंजिन थोडे फटफट करायचे, पांढरा धूर सोडायचे आणि बंद पडायचे. डोळे लई झोंबायचे. मला वाटायचे, डिझेल हे तेलाचे नाव आहे. गुरुजींनी सांगितले की ते माणसाचे नाव आहे. त्यांचीच माहिती मी लिहीत आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील जर्मन होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. रुडॉल्फ हातगाडीवरून माल पोचवायचा. १८७० साली लढाई लागली आणि जर्मन लोकांना पॅरिस सोडावे लागले. घरचे सगळे लंडनला गेले. तिथेही खायचे वांधेच. मग त्याला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवले. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मी दहा वर्षांचा आहे आणि अजून मामाकडे जिंतूरलासुद्धा एकटा गेलो नाही.

तो खूप हुशार निघाला. पुढे म्युनिकला लिंडे नावाच्या प्राध्यापकांकडे शिकला. वाफेच्या इंजिनात शंभरातली नव्वद भाग उष्णता फुकट जाते, हे त्याला तिथे कळले. ते त्याच्या मनातून जाईना.

आता खरी गंमत. सायकलीत हवा भरल्यावर पंपाला हात लावून बघा. गरम लागतो. हवा दाबली की तापते. डिझेल यांनी ठरवले की सिलिंडरमध्ये हवा एवढी दाबायची की ती चुलीवरच्या तव्याहून कितीतरी जास्त तापेल. मग तेल फवारले की ते आपोआप पेटेल. काडी नको, ठिणगी नको.

१८९३ साली ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. यंत्रावरचे एक उपकरण फुटून तुकडे उडाले. ते थोडक्यात वाचले. १८९४ साली इंजिन फक्त एक मिनिटभर चालले. तरी त्यांनी सोडले नाही. १८९७ साली मोठी परीक्षा झाली, तेव्हा शंभरातले २६ भाग उष्णता कामी आली. तेवढी दुसऱ्या कुठल्याच इंजिनात येत नव्हती. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. आपले करडीच्या तेलावर चालेल का, असे मी अण्णांना विचारले. ते नुसते हसले.

डिझेल यांना पैसा खूप मिळाला आणि गेलाही. शेवटी कर्ज झाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते बोटीने इंग्लंडला निघाले. सकाळी खोलीत नव्हते. काही दिवसांनी समुद्रात त्यांचे प्रेत सापडले. काय झाले ते कुणालाच कळले नाही. हे वाचून मला वाईट वाटले.

आमच्या इंजिनाला मिस्त्री आले. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, असे त्यांनी सांगितले. थंडीत लोखंड गार असते, म्हणून हवा पुरती तापत नाही. इंजिन गरम झाले की धूर आपोआप थांबतो. नाही थांबला तर नोझल नीट फवारत नसेल, नाहीतर रिंगा झिजून दाब निसटत असेल. हेडचे पॅकिंग फाटून पाणी आत गेले तरी पांढराच धूर येतो, पण त्याला डिझेलचा उग्र वास नसतो. कधीकधी ऑईलही ताकासारखे होते. आमचे ऑईल काळेच होते.

मग त्यांनी लिव्हर पाडून अण्णांना हँडल हळूहळू फिरवायला लावले. ते अडायला पाहिजे होते. पण सहज फिरले. म्हणजे रिंगाच गेल्या होत्या! रिंगा येईपर्यंत आठ दिवस गेले. गहू पिवळा पडत होता. आई रोज बांधावर जाऊन बघून यायची.

नव्या रिंगा बसवल्यावर इंजिन लगेच सुरू झाले. आधी थोडा पांढरा धूर आला. मग दिसेनासा झाला. आता अण्णा हँडल मारतात आणि लिव्हर मी पाडतो.

— इयत्ता ४ थी