३८ किलोचं यंत्र पाठीवर बांधून सायकल मारणारा होल्टर

जिना चढताना छातीत धडधडतं म्हणून तुम्ही दवाखान्यात जाता. टेबलावर झोपवून ईसीजी काढतात, रिपोर्ट येतो नॉर्मल. घरी आलात की पुन्हा धडधड सुरू. मग डॉक्टर सांगतात, होल्टर लावून घ्या. टेक्निशियन छातीवर वायरी चिकटवतो, कमरेला छोटी डबी अडकवतो आणि २४ तासांसाठी घरी पाठवतो.

होल्टर हे एका माणसाचं आडनाव आहे. नॉर्मन होल्टर. आणि गंमत म्हणजे तो डॉक्टर नव्हताच.

१९१४ साली अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या हेलेना गावात त्याचा जन्म झाला. शिकला फिजिक्स आणि केमिस्ट्री. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलासाठी समुद्राच्या लाटांचा अभ्यास करायचा. १९४६ मध्ये बिकिनी बेटांजवळ अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, तिथंही तो लाटा मोजायला होता.

पण डोक्यात किडा वेगळाच होता. माणूस दिवसभर चालतो, चिडतो, जेवतो, झोपतो. मग त्याचं हृदय फक्त आडवं झोपवून, काही सेकंदांपुरतंच का तपासायचं?

१९४७ मध्ये त्यानं स्वतःची संशोधन संस्था काढली. पहिलं यंत्र हृदयाचे सिग्नल रेडिओवरून पाठवायचं. वजन तब्बल ३८ किलो! ते पाठीवर बांधून पठ्ठ्या स्वतःच व्यायामाच्या सायकलवर बसला. पायडल मारता मारता ईसीजी मिळाला.

पण हे ओझं हृदयाच्या पेशंटला कसं झेपणार? ट्रान्झिस्टर आले तसं यंत्र लहान होत गेलं. रेडिओच्या जागी टेप रेकॉर्डर आला.

आता नवी अडचण. हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. ते सगळे बघणार कोण? यावर त्यानं आणि सहकाऱ्यांनी टेप साठपट वेगानं चालवायची सोय केली. २४ तासांचं रेकॉर्डिंग २४ मिनिटांत! १९६१ मध्ये ही पद्धत ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली आणि पुढं जगभरात पसरली.

१९८३ मध्ये होल्टर गेला. आडनाव मात्र हृदयाच्या प्रत्येक दवाखान्यात राहिलं.

म्हणून डबी लावल्यावर घाबरून दिवसभर पलंगावर पडून राहू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोजची कामं करा. चक्कर, धडधड जाणवली की वेळ लिहून ठेवा. त्या मिनिटाला हृदयात काय चाललं होतं, हेच तर होल्टरला पकडायचं होतं.