कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (जन्म : इ.स. १८५७, मृत्यू : इ.स. १९३८) हे भारतीय खगोलशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पुणे येथील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे संस्थापक व संचालक होते. ही वेधशाळा भारतातील पहिली आधुनिक खगोलभौतिकी वेधशाळा मानली जाते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास आणि २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचे जेऊर येथे घेतलेले वेध ही त्यांची दोन प्रमुख कामे होत.

शिक्षण आणि अध्यापन

नायगमवाला हे मुंबईच्या पारशी समाजातले. त्यांचे उच्च शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. इ.स. १८७८ मध्ये ते भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय घेऊन एम.ए. झाले आणि त्यांना कुलपतींचे पदक मिळाले. इ.स. १८८२ मध्ये त्याच महाविद्यालयात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी भारतात खगोलशास्त्राचे काम म्हणजे मुख्यतः ताऱ्यांची स्थाने मोजणे आणि अचूक वेळ ठरवणे असे. मद्रासची वेधशाळा हे त्याचे केंद्र होते. तेथील सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी इ.स. १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधून काढला होता. मात्र तारा कोठे आहे या प्रश्नापेक्षा तो कशाचा बनलेला आहे हा प्रश्न वेगळा होता आणि त्याचे उत्तर वर्णपटदर्शकाच्या साहाय्यानेच मिळणार होते. युरोपात या नव्या शाखेला आरंभ होऊन जेमतेम वीस वर्षे झाली होती. भारतात त्यासाठी साधनेही नव्हती आणि शिक्षकही नव्हते.

वेधशाळेची स्थापना

इ.स. १८८२ मध्ये भावनगर संस्थानचे महाराज तख्तसिंहजी यांनी मुंबईला भेट दिली. त्या वेळी वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारावी म्हणून त्यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तितक्याच रकमेची भर घातली. यंत्रे पसंत करण्यासाठी नायगमवाला इ.स. १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथील खगोलशास्त्रज्ञांशी सल्लामसलत केल्यावर मूळ योजनेत मोठा बदल झाला. महाविद्यालयापुरत्या प्रयोगशाळेऐवजी ताऱ्यांच्या व सूर्याच्या वर्णपटांचा अभ्यास करणारी पूर्ण वेधशाळा उभारावी, असे ठरले.

मुंबईची दमट हवा आणि धूर या कामाला अनुकूल नव्हता. पुढे नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये रुजू झाले आणि वेधशाळाही पुण्यात उभी राहिली. हेच महाविद्यालय इ.स. १९११ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. वेधशाळेचे काम इ.स. १८८८ मध्ये सुरू झाले. डब्लिन येथील ग्रब यांच्या कारखान्यात तयार झालेली २० इंच (सुमारे ५१ सेंमी) व्यासाच्या आरशाची परावर्ती दुर्बीण हे तिचे मुख्य साधन होते. पुढील अनेक दशके ही भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

वेधशाळेचा कारभार लहान होता. अध्यापनाची जबाबदारी सांभाळून नायगमवाला वेध घेत असत. पावसाळ्याचे चार महिने आकाश मिळत नसे. त्यामुळे मृगासारखी हिवाळ्यात माथ्यावर येणारी नक्षत्रे हेच रात्रीच्या कामाचे मुख्य क्षेत्र ठरले.

मृग तेजोमेघाचा वाद

मृग नक्षत्रात एका ओळीत दिसणाऱ्या तीन ताऱ्यांना, म्हणजे मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाला, मराठी माणूस लहानपणापासून ओळखतो. या बाणाच्या दक्षिणेला अंधाऱ्या रात्री एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. हाच मृग तेजोमेघ. दुर्बिणीतून पाहिल्यास त्याच्या गाभ्यात समलंब चौकोनाच्या आकारात चार तारे दिसतात.

हा तेजोमेघ म्हणजे दुरून एकमेकांत मिसळलेल्या असंख्य ताऱ्यांचा समूह की खरोखरचा वायू, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा प्रश्न होता. इ.स. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्याच्या वर्णपटात असतो तसा सलग रंगांचा पट्टा त्यात नव्हता. काही मोजक्या तेजस्वी रेषाच होत्या. विरळ व तप्त वायूचा वर्णपट असाच असतो. मृग तेजोमेघातही त्याच रेषा आढळल्या. त्यांतील सर्वांत ठळक हिरवी रेषा मात्र पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना.

नॉर्मन लॉकियर हे त्या काळातील अत्यंत वजनदार ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होत आणि ताऱ्यांची निर्मिती या थव्यांपासूनच होते. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असते. तप्त मॅग्नेशियमच्या वर्णपटात याच जागेजवळ एक पट्टा दिसतो. तेजोमेघातील हिरवी रेषा ही त्या पट्ट्याची उरलेली कडा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हगिन्स यांना ते मान्य नव्हते. ताऱ्यांचा जन्म कशापासून होतो, हा सबंध प्रश्न अशा रीतीने एका रेषेच्या स्वरूपावर येऊन ठेपला होता.

या वादाचा निवाडा करण्याची रीत तत्त्वतः सोपी होती. पट्ट्याची कडा एका बाजूला रेखीव असते आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू पुसट होत जाते. वायूची खरी रेषा दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव असते. वर्णपट अधिकाधिक फाकवला, तर हा फरक स्पष्ट व्हायला हवा. प्रत्यक्षात हे काम कठीण होते. तेजोमेघाचा प्रकाश मुळातच मंद असतो आणि वर्णपट जितका फाकवावा तितका तो आणखी मंद होतो. त्यासाठी मोठा आरसा, स्वच्छ आकाश आणि सरावलेली नजर या तिन्ही गोष्टी लागत. पुण्यात त्या एकत्र आल्या होत्या.

नायगमवाला यांनी मृग तेजोमेघाची ही रेषा वर्णपट कमीअधिक फाकवून तपासली. प्रत्येक वेळी ती त्यांना रेखीव दिसली. पुसट होत जाणारी बाजू आढळली नाही. रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची असू शकत नाही, असा याचा अर्थ होता. त्यांचा निबंध इ.स. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी रेषेचे स्थान अचूक मोजले. त्यांचे मोजमापही लॉकियर यांच्या मताविरुद्ध गेले.

एका वसाहतीतील नव्या वेधशाळेतून, नुकतीच तिशी ओलांडलेल्या भारतीय प्राध्यापकाने, साम्राज्याच्या राजधानीतील मान्यवराच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारा पुरावा प्रसिद्ध करणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. भारतीयांकडून साहाय्यकाच्या कामाची अपेक्षा असे. निष्कर्ष काढण्याचे काम इतरांचे समजले जाई. नायगमवाला यांनी स्वतः वेध घेतले, निष्कर्षही स्वतःच काढला आणि तो आपल्या नावाने मांडला.

जेऊरचे सूर्यग्रहण

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे गेली. देशोदेशींची निरीक्षक पथके या पट्ट्यात दाखल झाली. लॉकियर विजयदुर्ग किल्ल्यावर उतरले, तर ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे एक पथक विदर्भात तळणी येथे थांबले. मुंबईहून ठाणे, कल्याण, पुणे, दौंड अशा मार्गाने सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जेऊर हे गाव नायगमवाला यांनी निवडले. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचे पथकही जेऊर येथेच होते.

तो काळ मुंबई व पुण्यात प्लेगच्या साथीचा होता. लोकांच्या प्रवासावर निर्बंध होते आणि इ.स. १८९७ मधील घटनांमुळे पुण्यातील वातावरण तणावाचे होते. अशा परिस्थितीत नायगमवाला यांनी पथक जमवले आणि यंत्रे जेऊरला नेली. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांचीच होती. तेवढ्या वेळात सूर्याच्या प्रभाकिरीटाची छायाचित्रे आणि वर्णपट मिळवायचे होते. आकाश निरभ्र राहिले आणि वेध यशस्वी झाले. या कामाचा सविस्तर अहवाल वेधशाळेतर्फे इ.स. १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, असा समज महाराष्ट्रात रूढ आहे. सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा इ.स. १८६८ मध्येच लक्षात आली होती. लॉकियर विजयदुर्गावर आले ते त्यानंतर तीस वर्षांनी, म्हणजे जेऊरच्या वेधांच्याच दिवशी.

वेधशाळेचा शेवट

इ.स. १९१२ मध्ये नायगमवाला सेवानिवृत्त झाले आणि त्याबरोबरच वेधशाळा बंद करण्यात आली. चोवीस वर्षे ती मुख्यतः एकाच व्यक्तीच्या बळावर चालली होती. त्यांच्यानंतर काम चालवील असा वारस संस्थेत तयार झाला नव्हता. सौर संशोधनासाठी सरकारने इ.स. १८९९ मध्ये कोडाईकनाल येथे वेधशाळा स्थापन केली होती. पुण्याची यंत्रे तिकडे पाठवण्यात आली. कोडाईकनालचे काम सूर्यावर केंद्रित असल्यामुळे २० इंची दुर्बिणीला तेथे दीर्घकाळ योग्य काम मिळाले नाही. नंतरच्या काळात ती भावनगर दुर्बीण या नावाने वापरात आली. इ.स. १९८०च्या दशकात लडाखमधील आकाशाची गुणवत्ता तपासण्यासाठी ती लेह परिसरात नेण्यात आली.

निवृत्तीनंतर नायगमवाला २६ वर्षे हयात होते. त्या अवधीत, इ.स. १९२७ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी हिरव्या रेषेचे कोडे सोडवले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ही रेषा निर्माण करतो. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत वायू इतका विरळ करता येत नाही. त्यामुळे ती येथे दिसत नव्हती. रेषा वायूचीच आहे, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची नाही, हा इ.स. १८९१ मधील निष्कर्ष अशा प्रकारे बरोबर ठरला.

नंतरचे संशोधन आणि महत्त्व

मृग तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या गाभ्यातील चार ताऱ्यांपैकी सर्वांत तप्त ताऱ्याच्या अतिनील किरणांमुळे भोवतालचा वायू उजळतो. नायगमवाला यांनी तपासलेला प्रकाश मुख्यतः या ताऱ्याच्या प्रभावाने निर्माण झालेला होता. त्या काळी दुर्बिणीतून तेथे मोजकेच तारे दिसत. इ.स. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन यांनी घेतलेल्या छायाचित्रात डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले आणि तेजोमेघात बरेच काही दडलेले आहे, हे लक्षात आले.

धुळीतून दृश्य प्रकाश अडतो, पण अवरक्त किरण पुष्कळ प्रमाणात बाहेर येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवरक्त कॅमेऱ्यांनी केलेल्या पाहणीत येथे दोन हजारांहून अधिक तरुण ताऱ्यांचा गुच्छ आढळला. त्यांचे वय साधारण दहा ते तीस लाख वर्षांचे आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, हे लक्षात घेता हे तारे नवजातच म्हणावे लागतात. हबल दुर्बिणीने त्यांपैकी अनेकांभोवती धुळीच्या चकत्या टिपल्या. अशा चकत्यांतूनच ग्रह घडतात. वायू व धूळ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसून तारे जन्मतात, हे आता सर्वमान्य आहे. तेजोमेघ हे ताऱ्यांचे जन्मस्थान आहे, हा लॉकियर यांच्या कल्पनेतील भाग टिकला. उल्कांचा भाग गळून पडला.

लडाखमधील हानले येथे कार्यरत असलेल्या दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीतून भारतीय खगोलशास्त्रज्ञ तेजोमेघांत दडलेल्या तरुण तारकागुच्छांची पाहणी करतात. वर्णपट घेऊन ताऱ्याचे तापमान व वय ठरवण्याची आजची पद्धत ही पुण्यात इ.स. १८८८ मध्ये सुरू झालेल्या कामाचीच पुढची पायरी आहे.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांत दिव्यांच्या झगमगाटामुळे आता मृग तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनी दिसणे अवघड झाले आहे. तेथील हौशी निरीक्षक हिवाळ्यातील अमावास्येच्या सुमारास वांगणी, नेरळ या बाजूला जातात. साध्या द्विनेत्रीतूनही बाणाखालचा तो धूसर ठिपका तेथून ओळखता येतो. पुण्याच्या जुन्या वेधशाळेचे नाव सामान्य वाचकांना आज फारसे परिचित नाही. आधुनिक भारतीय खगोलभौतिकीच्या इतिहासाचा आरंभ मात्र नायगमवाला यांच्यापासून करावा लागतो.